सात मात्रांचे काका

काकांच्या घराची बेल वाजवली की आतून "थांबा" असा आवाज यायचा, आणि मग खरोखरच थांबावं लागायचं. हातात घेतलेलं वाजवून पुरं झाल्याशिवाय ते उठत नसत, घरात कुणाला दार उघडूही देत नसत, आणि त्यांनी हातात घेतलेलं सहसा लांबलचक असायचं. गॅसवाला दारात सिलिंडर टेकवून त्यावरच बसायचा. कुरिअरवाल्याने तर त्यांचा नाद सोडला होता. त्यांची पाकिटं तो खालच्या मजल्यावर माझ्याकडे देऊन जायचा. आमची ओळख अशी पाकिटांवरून झाली.

मी तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला नवीनच भाड्याने राहायला आले होते. आनंदनगरमधल्या एका औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये मला नोकरी होती. दिवसभर नमुने तपासायचे आणि संध्याकाळी घरी आलं की डोक्यावर गिटार. डोक्यावर म्हणजे अक्षरशः. त्यांची बसायची खोली माझ्या स्वयंपाकघराच्या वर होती. पहिल्या महिन्यात मला वाटलं, वर तीन-चार वेगवेगळे वाजवणारे राहतात. सकाळी कुणीतरी सतारीसारखं हळूहळू छेडायचं, सुट्टीच्या दुपारी दुसरंच कुणी लग्नाच्या हळदीतला बेंजो वाजवायचं, आणि संध्याकाळी एक रागीट माणूस येऊन भिंती हलवायचा. पाकीट द्यायला वर गेले तेव्हा कळलं की माणूस एकच आहे. साठी उलटलेला, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, पांढरे केस मागे रबरबँडने बांधलेले, आणि हे सगळं तो एकाच गिटारीवर वाजवतो.

"मला गिटार शिकवाल का?" मी विचारलं. कॉलेजात थोडीफार वाजवली होती, तेवढ्या बळावर.

त्यांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला. "गिटारवाले पुष्कळ झालेत. तू बेस शीक. माझा बेसवाला पळून गेलाय."

"कुठे?"

"सौदीला."

"कधी?"

"झाली असतील वीसेक वर्षं," काका म्हणाले, जणू तो खाली सिगरेट आणायला गेला होता.

आतून काकू हसल्या. त्या नगरपालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. काकांचं भाषांतर करून सांगायचं काम त्या लग्नापासून करत होत्या. काका 'प्रोग्रेसिव्ह रॉक' वाजवतात एवढं मला कळलं, पण तो काय प्रकार असतो हे मला काकूंनीच सांगितलं. "हे बघ, गाणं सुरू झालं की चहाचं आधण ठेवायचं. चहा करायचा, प्यायचा, कप विसळून पालथे घालायचे. तरी अजून सुरुवातच चालू असते. आणि गाणारा येईल म्हणून वाट बघायची नाही. तो नसतोच."

काकांचं दुसरं वेड म्हणजे सात. साधी गाणी चार मात्रांत चालतात, तर यांना सातात चालायचं असायचं. कधी पाच, कधी अकरा, पण मन सातावर. "चारात काय, बैलगाडीपण चालते," असं ते म्हणायचे. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजायची ती सातात. भाजीवाल्याकडे उभे असताना चपलेचा अंगठा हलायचा तो सातात. काकूंना मी एकदा विचारलं, लग्नात तरी सरळ वागले का? त्या म्हणाल्या, "अख्ख्या लग्नात यांना सप्तपदी तेवढी आवडली. भटजींना म्हणाले, पुन्हा एकदा घेऊ."

गिटार सुरात लावायचं यंत्र आता मोबाइलमध्येही मिळतं, पण काकांनी ते आयुष्यात वापरलं नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा दुपारचा भोंगा ते प्रमाण मानायचे. भोंगा झाला की तारा पिळायच्या. एकदा कारखान्याने भोंगा बदलला. नवा जरा चढा होता. काकांनी बिनतक्रार सगळ्या तारा वर चढवल्या, मला माझ्या चढवायला लावल्या, आणि महिनाभर आम्ही तशाच चढ्या सुरात वाजवत होतो. मग एक तार तुटून त्यांच्या गालाला लागली. त्यानंतर त्यांनी गालाला हळद लावून घेत मला सांगितलं, "कारखान्याचं काही खरं नाही आता. माणसं बदललीत तिथली."

पण त्यांचा हात मात्र विलक्षण होता. मी चेष्टा करते म्हणून कुणाला वाटायला नको की ते हौशी होते. तरुणपणी त्यांनी थोडी वर्षं एका इंजिनीअरिंग कारखान्यात नोकरी केली, आणि मग ती सोडून पूर्ण वेळ गिटारच वाजवली. ऑर्केस्ट्रात, लावणीच्या कार्यक्रमात, नाताळात चर्चमध्ये, सिंध्यांच्या लग्नात, नवरात्रात, भजनी मंडळात मांडीवर गिटार आडवी ठेवून. मुंबईच्या स्टुडिओंत त्यांना बोलावणं यायचं ते या हातामुळेच. कुणी म्हणायचं वाळवंटातलं काहीतरी पाहिजे, कुणी म्हणायचं पाऊस पडल्यासारखं पाहिजे, एकाने म्हणे सांगितलं होतं की बिस्किटाची जाहिरात आहे, कुरकुरीत वाजवा. काकांनी कुरकुरीत वाजवलं. ते कसं वाजतं हे त्यांनी मला वाजवून दाखवलं, आणि खरं सांगते, मला भूक लागली.

मग एका मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर परदेश दौऱ्याची संधी आली. गाणी सगळी ठरलेली, गिटारचे तुकडे लोकांना तोंडपाठ. पहिले काही कार्यक्रम काकांनी सरळ केले. पुढच्या कार्यक्रमात एका गाण्यातला तुकडा त्यांनी थोडा हलवला, त्याच्या पुढच्यात आणखी. संचालक भडकला. "काल वाजवलंत तेच आज वाजवा!" काका म्हणाले, "काल वाजवलं ते कालच्यांनी ऐकलं की." दौरा अर्धा राहिला होता आणि काका अंबरनाथला परत आले. येताना काकूंसाठी अत्तराची बाटली आणली आणि ती विमानात फुटली, त्यामुळे गिटारीच्या खोक्याला पुढे कितीतरी वर्षं लग्नघरातल्या बायकांसारखा वास यायचा.

सोसायटीत अर्थातच तक्रारी होत्या. एका सभेत अध्यक्षांनी विषय काढला. गृहस्थ सज्जन, आवाज मऊ. म्हणाले, "वाजवण्याला आमचा विरोध नाही हो. फक्त जरा ओळखीचं वाजवा ना. ओळखीचं असलं की आवाज वाटत नाही."

काकांनी त्यावर विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ते एक ओळखीची आरती वाजवू लागले. सुरुवात अगदी देवळातल्यासारखी. लोक स्वयंपाकघरातून गुणगुणायला लागायचे, आणि तिसऱ्या ओळीला आरती सातात शिरायची. टाळी कुठे द्यायची ते कुणालाच कळेना. आठवड्याने अध्यक्ष स्वतः वर आले आणि म्हणाले, "पहिलं होतं तेच चालू द्या."

मी बेस शिकले. बोटांना घट्टे पडले, आणि दोनेक वर्षांत काका मला कार्यक्रमांनाही नेऊ लागले. त्यातला एक सांगायलाच हवा. बदलापूरच्या पुढे एका गावात आगरी घरची हळद होती. बेंजो पार्टीतला बेंजोवाला आयत्या वेळी आजारी पडला, म्हणून काकांना बोलावलं. अंगणात मांडव, पिवळे झालेले पाहुणे, आणि काका गिटारीवर असा बेंजो वाजवतायत की मंडळींनी मान वळवूनही पाहिलं नाही. तासभर सगळं छान चाललं. मग मला काकांच्या पायाच्या अंगठ्याची हालचाल दिसली. मी मानेने नको-नको केलं. ते सातात शिरले.

नाचणारी पोरं एकमेकांवर आदळली. ढोलकीवाल्याने हात वर केले. मांडवाच्या कडेला बसलेली एक म्हातारी उठली, पदर खोचला आणि सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली.

"ए दादा, तुजा येक पाय कमी परतंय. आमी नाचाचा कसा?"

"कमी नाही, आजी. सातच आहेत ते."

"सात आन् काय! एक रायलाय. रायलाय त्याची आमी ताली मारताव, तू वाजव."

तिने बायकांना हाक मारली. काका वाजवू लागले, आणि सातव्या मात्रेनंतर त्या सगळ्या बायकांनी मिळून एक टाळी दिली. ती टाळी मिळवून काकांचे सात सरळ आठ झाले, आणि अख्खा मांडव नाचायला लागला. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. परतीच्या रिक्षात ते गुडघ्यावर पुन्हा पुन्हा सात मोजत होते. बदलापूर स्टेशन आल्यावर म्हणाले, "माझे सात मोडले त्या बाईने." मग तिकिटाच्या रांगेत म्हणाले, "पण टाळी चांगल्या ठिकाणी होती."

ती टाळी नंतर 'वालधुनी'त आली. 'वालधुनी' ही काकांची मोठी रचना, पाऊण तासाची. आपल्या इथली नदी. शिवमंदिराच्या बाजूने येते, कारखान्यांमागून जाते, उल्हासनगरात कधी निळी तर कधी तांबडी होते, आणि खाडीकडे निघून जाते. तिचे चार भाग काकांनी केले होते. पहिला भाग शांत, मंदिराजवळचा. तिसऱ्यात ती रंग बदलते, तिथे गिटारही सारखी रंग बदलते, आणि तो वाजवायला सगळ्यात कठीण. रचना अप्रतिम होती, पण एकदाच लोकांसमोर वाजली होती, आणि त्या एका वेळेबद्दल काका बोलायचे नाहीत. त्याबद्दल मला काकूंनी सांगितलं.

काकांच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा त्यांचा मित्र होता, उल्हासनगरचा सिंधी. दोघं पोरवयापासूनचे. मित्राच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान. काकांना दोन माना असलेली गिटार हवी होती, खाली सहा तारा, वर बारा. ती विकत मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मित्राने दुकानातल्या सुतारांकडून ती सागवानाची करून घेतली आणि वर कपाटाचा सनमायका लावला. वजन असं की वाजवणारा माणूस एका बाजूला कलायचा. ती अजून काकांच्या दिवाणाखाली आहे. पाहुण्यांना दाखवताना काका म्हणायचे, "अशी गिटार जगात दुसरीकडे नाही," आणि काकू म्हणायच्या, "जगाला कंबर असते."

तर 'वालधुनी' पहिल्यांदा वाजली ती उल्हासनगरातल्या एका मैदानात. शेवटच्या भागात ड्रमचा मोठा उठाव होता, सगळं त्यावर चढत जाऊन संपायचं. तसं बसवलं होतं. आणि ऐन उठावात काकांना वाटलं, नदी अशी वाजतगाजत संपत नाही. त्यांनी गिटार थांबवली. कुणाला सांगितलं नाही, खूण केली नाही, नुसते थांबले. बाकीचे गोंधळून थांबले. मित्र डोळे मिटून वाजवत होता, तो एकटाच वाजवत राहिला. मैदान हसायला लागलं. त्याने डोळे उघडले, काड्या खाली ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तो वडिलांच्या दुकानात बसला. पुन्हा ड्रमला हात लावला नाही, आणि काकांशी बोललाही नाही.

अंबरनाथ ते उल्हासनगर अंतर ते काय! दोघं एकमेकांना बाजारात दिसायचे. काका घरी येऊन सांगायचे, "जाड झालाय." बस्स, एवढंच. मी एकदा विचारलं, "तुम्ही माफी का नाही मागितली?" काका चिडले. "कसली माफी? नदी संपते का अशी? तूच सांग."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वरून गिटार आली नाही. मी डबा भरत होते. इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. वर धावत गेले तर दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसले होते आणि काकू त्यांचं तोंड पुसत होत्या. त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा. अर्धांगाचा झटका होता. मी रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून बोलणं लगेच सुधारलं, पायही सुधारला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र उठेनात.

गिटारवाल्याला डाव्या हाताची बोटं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. काका घरी आले आणि गप्प झाले. बेल वाजली की आता कुणी "थांबा" म्हणायचं नाही, काकू लगेच दार उघडायच्या. मी संध्याकाळी वर जाऊन बसायचे. एकदा त्यांनी मला म्हटलं, "तुझा बेस घेऊन जा इथून. जागा अडते." माझा बेस कोपऱ्यात उभा होता, त्याने कसलीच जागा अडत नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी जिन्यात धापा टाकण्याचा आवाज आला. मी वरच होते. एक जाडजूड गृहस्थ दारात उभे राहिले, पांढरा सफारी, हातात मिठाईचा खोका. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. काकूंना विचारलं, "भाभी, खाता-पीता है ये?"

"खातात थोडं," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मग मला कळलं, हेच ते ड्रमवाले मित्र. पुढे मी त्यांना अंकल म्हणू लागले.

अंकल काकांसमोर स्टूल ओढून बसले. मग अंकलनी काकांचा डावा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि एकेका बोटावर आपल्या बोटाने टकटक केलं.

"ये उठा."

पहिलं बोट उठलं. दुसरं उठलं.

"ये?"

तिसरं नुसतं थरथरलं.

"हां, है जान," अंकल म्हणाले. "मरा नहीं है. चल, फिर से."

ते रोज येऊ लागले. दुकान मुलावर सोपवून सकाळी यायचे, आणि गुडघ्यावर ताल धरून काकांची बोटं उठवून घ्यायचे. फिजिओथेरपीवाली मुलगी यायची तिलाही त्यांनी सात मात्रा मोजायला लावल्या. एकमेकांशी ते फक्त व्यायामापुरतं बोलत. असं पंधरा-वीस दिवस चाललं, आणि एके सकाळी बोटं उठवता उठवता काका म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं नव्हतं."

अंकलचा ताल थांबला.

"म्हणजे, नदी तशी संपत नाही," काका म्हणाले. "पण तुला सांगायला पाहिजे होतं. आधी सांगायला पाहिजे होतं."

अंकल स्टुलावर जरा मागे सरकले. मग म्हणाले, "बाबा आया था उस दिन."

"कुठे?"

"मैदान में. पहली लाइन में बैठा था. ज़िंदगी में पहली बार सुनने आया था मुझे. सब हँसे तो वो भी हँसा." त्यांनी काकांचा हात अजून धरलेलाच होता. "बाकी लोगों का मुझे कुछ नहीं था, चरिया."

चरिया म्हणजे सिंधीत वेडा. काकांनी मान खाली घातली. "मला माहीत नव्हतं रे. खरंच माहीत नव्हतं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे काकू चहाचं पातेलं हातात धरून नुसत्याच उभ्या होत्या.

परत आले तेव्हा अंकल म्हणत होते, "रो मत. ये उंगली उठा."

तिसरं बोट चांगलं सुधारलं, चौथं थोडंच. काकांनी उरलेल्या बोटांनी सगळं नव्याने बसवायला घेतलं. जिथे बोट पोचत नव्हतं तिथे ते तारांवर बाटलीच्या काचेचा तुकडा सरकवायचे, त्यातून आणखी वेगळाच, रडवा आवाज निघायचा, आणि काका म्हणायचे की हा आधीच सुचायला हवा होता. अंकलनी माळ्यावरचा ड्रम उतरवला. 'वालधुनी'ची तालीम सुरू झाली. शेवट कसा करायचा यावर दोघं इतके भांडले की फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, तब्येत सुधारल्याचं हे लक्षण आहे. शेवटी काकांनीच तोडगा काढला. गिटार आणि बेस हळूहळू बाजूला व्हायचे आणि शेवट एकट्या ड्रमने करायचा. नदी पुढे जाते ती ड्रमवर जाईल.

"पक्का?" अंकलनी विचारलं.

"पक्का."

"इसके सामने बोल," अंकल माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. काकांनी माझ्यासमोर पुन्हा पक्का म्हटलं.

सोसायटीचा वर्धापनदिन आला. काकूंनी अध्यक्षांकडे जाऊन कार्यक्रमात जागा मागितली. अध्यक्ष म्हणाले, अर्धा तास देतो, त्यानंतर हाऊजी आहे, लोक हाऊजीसाठीच येतात. काकू पाऊण तासाचं काही बोलल्याच नाहीत. इतक्या वर्षांत काय सांगायचं आणि काय नाही हे त्या शिकल्या होत्या.

संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या. लोक हाऊजीची तिकिटं हातात घेऊनच बसले होते. काका इस्त्रीचा झब्बा घालून आले. पहिला भाग छान झाला. दुसऱ्यात बदलापूरच्या आजीची टाळी आली तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी आपणहून टाळी दिली. तिसरा भाग सुरू झाला, रंग बदलायचा, आणि मधेच गिटारीतून एक चुकार सूर निघाला. मग काहीच निघेना.

मी काकांकडे बघितलं. डाव्या हाताची बोटं तारांवर आखडून बसली होती. त्यांनी उजव्या हाताने ती एकेक करून सोडवली आणि हात मांडीवर ठेवला. अंकल थांबले नाहीत. त्यांनी आवाज कमी केला, पण ताल चालू ठेवला, आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, म्हणून मीही वाजवत राहिले. लोकांत चुळबुळ झाली. अध्यक्ष हाऊजीची पिशवी घेऊन उठले. काकू पहिल्या रांगेत पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

काकांनी माइक आपल्याकडे ओढला आणि गायला लागले.

त्या माणसाला मी तोपर्यंत साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. शब्द नव्हतेच. गिटारीने जे वाजवायचं होतं तेच ते तोंडाने म्हणत होते, दा रा रि रा, जलद ठिकाणी जीभ अडखळत होती, वरच्या सुराला आवाज चिरकत होता. झटक्यानंतर तोंडाची डावी बाजू अजून किंचित जड होती, त्यामुळे काही सूर तिरके निघत होते. पण एकही जागा त्यांनी सोडली नाही. निळं पाणी, तांबडं पाणी, फेस, सगळं म्हटलं. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि उजवा हात मांडीवर सात मोजतोय. तिकिटांची फडफड थांबली. अध्यक्ष उठले होते तसेच पिशवी छातीशी धरून उभे राहिले, आणि मग मागच्या कुणीतरी त्यांना झब्ब्याला धरून खाली बसवलं.

चौथ्या भागात काकांनी गाणं हळूहळू लहान केलं आणि थांबले. मी थांबले. अंकल एकटे वाजवू लागले. त्यांनी या वेळी डोळे मिटले नव्हते. ते सरळ काकांकडे बघत होते, काका त्यांच्याकडे, आणि ड्रमचा आवाज दूर जात जात इतका बारीक झाला की रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज त्यावरून ऐकू यायला लागले. कुणी हसलं नाही. नंतर टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. काकू उठून काकांना पाणी द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "घरात कधी गायला नाहीत तुम्ही?"

काका पाणी प्यायले. घाम पुसला. अंकल ड्रममागून उठून आले, कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"कितना बेसुरा है रे तू," अंकल म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "अच्छा हुआ हमने कभी माइक नहीं दिया तेरे को."

काकांना हसू आवरेना. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, त्याचंही त्यांना हसू येत होतं. मागे अध्यक्षांनी एकदाचा हाऊजीचा पहिला आकडा पुकारला.

"वरचा सूर मला झेपत नाही," काका म्हणाले. "तू जरा खाली घे."

"ड्रम को काहे का सूर, चरिया?"

"ते मी बघतो. तू उद्या सकाळी ये."